सरळ दांडीतला बाक : बेस गिटारच्या दुरुस्तीचा एक छोटा इतिहास

वाद्यांचा इतिहास बहुधा घडणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते वाद्य कोणी केव्हा घडवले, पुढे त्यात कोणी काय भर घातली, कोणत्या वादकाने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, असा त्याचा क्रम असतो. वाद्य बिघडते आणि बिघडलेले वाद्य कोणीतरी पुन्हा वाजते करते, ही गोष्ट त्यात तळटीपेपुरती येते. वास्तविक वाद्याच्या आयुष्यातला घडणीचा काळ अगदी थोडा असतो. उरलेली सगळी वर्षे ते वापरले जाते, झिजते, वाकते आणि दुरुस्त होते. पुस्तकाचे आयुष्य छापखान्यात संपत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको. वाद्याचेही तसेच आहे. विसाव्या शतकातल्या एका वाद्याच्या, बेस गिटारच्या, एकाच बिघाडाचा येथे मागोवा घ्यायचा आहे : तिची दांडी वाकणे. हा बिघाड कारखान्याने, कारागिराने आणि वादकाने कसा समजून घेतला, आणि तो दूर करण्याचे साधन वादकाच्या हाती कसे आले, हा प्रश्न वरवर तांत्रिक आहे. त्याच्या तळाशी मात्र एक जुनाच प्रश्न आहे. एखादी वस्तू ‘सरळ’ असणे म्हणजे काय, आणि ती सरळ आहे की नाही हे ठरवायचे कोणी?

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. गिटारच्या ज्या लांब भागावर डाव्या हाताची बोटे फिरतात त्याला गिटारवादक इंग्रजीतूनच ‘नेक’ म्हणतात. मराठीत ‘नेक’ म्हणजे सचोटीचा, सरळ मार्गाने जाणारा. हा केवळ ध्वनीचा योगायोग असला तरी प्रस्तुत विषयाला तो गमतीने लागू पडतो. सतार आणि तंबोरा यांच्या याच भागाला आपल्याकडे दांडी म्हणतात आणि येथे तोच शब्द वापरला आहे. दांडीची वरची बाजू म्हणजे बोटपट्टी. तिच्यात ठोकून बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. दांडीच्या वरच्या टोकाशी तारांना आधार देणारी खाचांची पट्टी म्हणजे नट. आणि गिटारच्या धडावर, तारांच्या दुसऱ्या टोकाशी, बसवलेला असतो तो ब्रिज. एवढे शब्द पुढे पुरतील.

१

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. एवढा खर्ज मिळवायचा तर तार लांब आणि जाड हवी, आणि तरीही ती पुरेशी ताणलेली हवी. ढिल्या तारेचा स्वर स्थिर राहत नाही. प्रचलित बेस गिटारमध्ये नटपासून ब्रिजपर्यंतचे अंतर ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते, आणि नेहमीच्या चार तारांचा एकत्रित ताण ७० ते ८० किलोच्या घरात जातो. एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढे ओढण दांडीच्या वरच्या टोकाला अहोरात्र ब्रिजकडे खेचत असते. धनुष्याची दोरी ताणली की कामठी वाकते. गिटार हेही एका अर्थी वाकू न देण्याचा प्रयत्न केलेले धनुष्यच होय.

तारेचा ताण हे बाक येण्याचे एक कारण. दुसरे कारण लाकूड हेच. झाड कापले म्हणून लाकूड निर्जीव होत नाही. हवेतला ओलावा ते घेत राहते आणि सोडत राहते. धाग्याच्या आडव्या दिशेने ते बरेच फुगते किंवा आकसते, उभ्या दिशेने अगदी थोडे. पण दांडीसारख्या लांब आणि बारीक वस्तूत तेवढेही पुरते. शिवाय दांडी एका लाकडाची आणि बोटपट्टी दुसऱ्या लाकडाची असेल, तर एकमेकांना चिकटवलेले ते दोन थर एकाच प्रमाणात हालत नाहीत. ऋतू बदलला की बाक बदलतो, आणि तो कोणत्या दिशेने बदलेल हे त्या त्या लाकडावर अवलंबून असते.

वाकणेही एका प्रकारचे नसते. तारांच्या ओढीने दांडी पुढे वाकली, तर मधल्या भागात तारा बोटपट्टीपासून फार दूर जातात आणि त्या दाबताना बोटे दमतात. उलटा बाक आला, म्हणजे मधला भाग तारांकडे फुगून वर आला, तर तारा फ्रेटवर आपटून खरखर करतात. तिसरा प्रकार पिळाचा : दांडीची एक कड एका दिशेने आणि दुसरी दुसऱ्या दिशेने जाते. चौथा प्रकार जेथे दांडी धडाला मिळते तेथे उंचवटा येण्याचा. यांपैकी पहिले दोन प्रकार वादक स्वतः दूर करू शकतो. उरलेले दोन बहुधा नाही. ही मर्यादारेषा कशी आखली गेली, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

२

बेस गिटारच्या आधी हे खर्जाचे काम उभ्या डबल बेसकडे होते. त्याची दांडी जाड असे आणि तिच्यावर फ्रेट नसत. बोटपट्टी पूर्ण सपाट ठेवत नसत. तार हलायला जागा मिळावी म्हणून कारागीर तिला लांबीच्या दिशेने मुद्दामच किंचित खोलगट घडवीत. म्हणजे आवश्यक तो बाक लाकडातच कोरलेला असे. तो कमीजास्त करायचा तर रंधा हवा, आणि रंधा कारागिराच्या हातात. वादकाने त्यात पडण्याचे कारण नव्हते.

परिस्थिती बदलली ती पोलादी तारांनी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी मँडोलिन, बँजो आणि गिटार या वाद्यांवर पोलादी तारा रुळू लागल्या. त्यांचा ताण आतड्याच्या तारांहून अधिक, आणि वादकांना तर दांडी बारीक हवी. या पेचातून मिशिगन राज्यातल्या कॅलामझू येथील गिब्सन कंपनीत थॅडियस मॅकह्यू याने वाट काढली. त्याने १९२१ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि ते १९२३ मध्ये मंजूर झाले. कल्पना अशी : दांडीच्या पोटात लांबीभर एक खाच कोरायची, तिच्यात पोलादी सळई बसवायची आणि सळईच्या टोकाला आटे पाडून त्यांवर नट-बोल्टांतला असतो तसा नट चढवायचा. नट आवळला की तारांच्या ओढीविरुद्ध दुसरी ओढ निर्माण होते. या सळईला ट्रस रॉड म्हणतात. दांडीत धातू घालून तिला बळकटी देण्याची कल्पना याआधीच्या एकस्वांतही आढळते. मॅकह्यूच्या सळईचे वेगळेपण हे, की वाद्य तयार होऊन विकले गेल्यानंतरही ती फिरवता येत होती. गिब्सनने तिचा नट दांडीच्या शेंड्याकडे, एका लहानशा झाकणाखाली ठेवला.

या झाकणाचे महत्त्व ध्यानात घ्यायला हवे. ते बसवून कारखान्याने एक गोष्ट मान्य केली, की हे वाद्य आमच्या दारातून बाहेर पडल्यावर बदलणार आहे. ही कबुली सर्वांना मानवली असे नाही. मार्टिन ही अमेरिकेतली दुसरी मातब्बर कंपनी १९३४ पासून दांडीत न फिरणारी पोलादी पट्टी घालू लागली. युद्धकाळात धातूची टंचाई झाली तेव्हा तिने एबनी लाकडाची पट्टी वापरली. १९६७ पासून चौकोनी पोलादी नळी आली. आणि फिरवता येणारी सळई तिने १९८५ मध्ये स्वीकारली. मॅकह्यूचे एकस्व मिळून तोवर साठ वर्षे उलटली होती. यात केवळ हटवाद पाहणे बरोबर होणार नाही. उत्तम कारागिराने निवडलेले, नीट वाळवलेले लाकूड वाकता कामा नये, आणि वाकलेच तर ते कारागिराकडे परत यावे, ही त्यामागची धारणा होती. दांडीचा सरळपणा ही घडवणाऱ्याची प्रतिष्ठा होती. वापरणाऱ्याने हात घालावा असा तो विषय नव्हता.

३

फ्रेट असलेली विजेची बेस गिटार १९३०च्या दशकात सिअॅटल येथे पॉल टटमार्क याने केली होती, पण ती फारशी पसरली नाही. वाद्य म्हणून बेस गिटार रुळली ती कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडरमुळे. फेंडर (१९०९–१९९१) वाद्यांचा परंपरागत कारागीर नव्हता, आणि गिटार वाजवतही नसे. त्याचे शिक्षण हिशेबनिसाचे, आणि १९३८ मध्ये त्याने गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस वस्तूकडे एका विशिष्ट नजरेने पाहतो. ही उघडायची कोठून, बिघडलेला भाग सुटा काढता येईल का, त्या जागी दुसरा बसेल का, हे प्रश्न त्याला आधी सुचतात. व्हायोलिन-गिटारच्या परंपरेत दांडी धडाला सरसाने चिकटवीत असत; फेंडरने ती स्क्रूंनी जोडली. दांडी बिघडली तर काढा आणि दुसरी लावा, असा तो विचार होता. दुरुस्तीचा विचार येथे घडणीच्या आधी आलेला दिसतो.

आणि तरीही दांडी वाकण्याच्या बाबतीत या माणसाचा अंदाज चुकला. १९५० मध्ये बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या काही एस्क्वायर गिटारींत ट्रस रॉड नव्हता. मेपलचे लाकूड इतके कणखर, की त्याला सळईची गरज नाही, असे फेंडरचे मत होते. विक्रीची बाजू सांभाळणाऱ्या डॉन रँडलला ते पटले नाही. दांड्या वाकू लागल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत सळई आली. त्या दांड्या अखंड मेपलच्या असत, बोटपट्टी वेगळी चिकटवलेली नसे. म्हणून सळई मागच्या बाजूने खाच कोरून घातली जाई आणि खाच अक्रोडाच्या गडद पट्टीने बुजवली जाई. मेपलच्या पाठीवरची ती काळसर रेघ पुढे फेंडर गिटारची ओळख ठरली. एका चुकलेल्या अंदाजाची ती खूण आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

१९५१ च्या अखेरीस प्रिसिजन बेस बाजारात आली : ३४ इंचांची लांबी, वीस फ्रेट, चार स्क्रूंनी जोडलेली दांडी, आत ट्रस रॉड. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो, अंदाजाने शोधावा लागत नाही, हा त्या नावाचा अर्थ. परंतु फेंडरने सळईचा नट दांडीच्या बुडाशी, धडाच्या खोबणीत दडेल असा ठेवला. तो फिरवायचा तर तारा सैल करायच्या, स्क्रू काढायचे, दांडी उचलायची, नट थोडा फिरवायचा, सगळे पुन्हा जोडायचे, तारा सुरात लावायच्या आणि मग काय फरक पडला ते पाहायचे. समाधान झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दार होते, पण ते माजघरातून उघडत होते. १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएसला विकली. तिच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बाबतीत नट शेंड्याकडे आला तो १९७१ मध्ये. गिब्सनने १९२०च्या दशकात ज्या ठिकाणी झाकण ठेवले होते, तेथे पोचायला एवढा काळ गेला.

४

नट हाती आला, पण तो फिरवून मिळवायचे काय? येथे या विषयातला सर्वांत मनोवेधक मुद्दा येतो. बेस गिटारची दांडी पूर्ण सरळ असून चालत नाही. छेडलेली तार एका रेषेत राहत नाही. ती मध्यभागी सर्वांत जास्त आणि टोकांशी कमी अशी झुलते. खर्जाच्या जाड तारेचा हा झोका डोळ्यांना दिसण्याएवढा मोठा असतो. दांडी पट्टीसारखी सरळ केली आणि तारा जवळ आणल्या, तर तो झोका फ्रेटला लागतो आणि खरखर होते. म्हणून दांडीत मध्यावर किंचित खोलगटपणा ठेवावा लागतो. उभ्या बेसचा कारागीर जे रंध्याने करीत असे, तेच येथे सळई आणि तारा यांच्या ओढाताणीतून साधायचे असते. ज्याला आपण सरळ दांडी म्हणतो ती योग्य तेवढी वाकलेली दांडी असते.

‘योग्य तेवढी’ मोजण्याची रीत साधी आहे. तारा नेहमीच्या सुरात लावायच्या. सैल तारांनी केलेले मोजमाप निरर्थक. गिटार मांडीवर वाजवण्याच्या स्थितीत धरायची. तार पहिल्या फ्रेटवर दाबायची आणि जेथे दांडी धडाला मिळते तेथील फ्रेटवरही दाबायची. दोन बिंदूंमध्ये ताणलेली तार ही सरळ रेषा. म्हणजे तार हीच आपली मोजपट्टी. मग सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत किती फट आहे ते पाहायचे. मोटार मेकॅनिकजवळ असते ते फीलर गेज येथे उपयोगी पडते. बेस गिटारसाठी ही फट ०.३ ते ०.३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असावी. जी तार दांडी वाकवते, तीच तिचा बाक मोजते.

फट जास्त असेल तर नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, फटच नसेल तर उलट दिशेने फिरवायचा; एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. आवळण्यापूर्वी तारा थोड्या सैल केल्या तर आट्यांवरचा भार कमी होतो. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून, थोडे थांबून मोजायचे. लाकूड लगेच उत्तर देत नाही. आज केलेला फरक उद्यापर्यंत थोडा सरकतो. नट फिरेनासा झाला तर जोर करायचा नाही. येथे तुटलेली सळई काढायची म्हणजे बहुधा दांडीच उघडावी लागते.

यानंतरच ब्रिजवरच्या आधारांनी तारांची उंची ठरवायची. सतराव्या फ्रेटवर खर्जाच्या बाजूला सुमारे २.४ आणि दुसऱ्या बाजूला २ मिलिमीटर हे फेंडरचे नेहमीचे प्रमाण. सर्वांत शेवटी आधार पुढेमागे करून, बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या नेमका दुप्पट कंपनांचा लागतो की नाही, हे तपासायचे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण पुढची प्रत्येक पायरी मागची पक्की आहे असे गृहीत धरते. तारा उंच वाटल्या म्हणून थेट सळई आवळणे ही या कामातली सर्वांत प्रचलित गल्लत. सळई बाकासाठी आहे, उंचीसाठी नव्हे. पाठनिश्चिती होण्याआधीच अर्थनिर्णय करू पाहणाऱ्या भाष्यकाराची जी गत होते, तीच येथे होते.

५

एवढी शिस्त सांगितल्यावर, ती झुगारणाऱ्यांकडेही पाहायला हवे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६०च्या दशकातील असंख्य गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) मूळचा उभ्या बेसचा वादक. त्याच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड, गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा असत, आणि तुटल्याखेरीज तो त्या बदलत नसे. तारा इतक्या उंच, की इतरांना ती वाजवणे अशक्यप्राय वाटे. तिची दांडी वाकली होती असेही सांगितले जाते. जेमरसनला त्यात दुरुस्त करण्यासारखे काही दिसले नाही. त्याच्या मते स्वर त्यामुळेच चांगला येत होता. उभ्या बेसवर तयार झालेल्या हाताला ती उंची परकी नसणार. मोजपट्टीने सदोष ठरणाऱ्या वाद्यातून एका युगाचा ध्वनी निघाला. १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, ती बेस चोरीला गेली.

दुसरे उदाहरण अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीचे. १९६१ मध्ये, रोलिंग स्टोन्समध्ये जाण्यापूर्वी, बिल वायमनने एक स्वस्तातली बेस घेतली. तिचे झिजलेले फ्रेट त्याने नवे बसवण्याच्या हेतूने उपटून काढले. नवे बसवण्याआधी सहज वाजवून पाहिले आणि ते तसेच राहू दिले. फ्रेट नसलेली बेस गिटार कारखान्यांतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी ती एका दुरुस्तीच्या मध्यावर जन्मली होती.

तिसरे उदाहरण जॅको पास्टोरियसचे (१९५१–१९८७). फ्लोरिडाच्या दमट हवेत त्याचा उभा बेस तडकून निकामी झाला, असे तो सांगत असे. मग त्याने १९६२ च्या जॅझ बेसला उभ्या बेसचा सूर देण्याचे ठरवले. फ्रेट त्याने स्वतः काढले की आधीच काढलेले होते, याविषयी त्याने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले. पण खाचा बुजवून बोटपट्टीवर होड्यांना लावतात त्या जातीच्या इपॉक्सीचा कठीण लेप त्याने दिला. खडबडीत वेटोळ्यांच्या तारांनी उघडे लाकूड कुरतडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या लेपानेच स्वराला एक काचेरी, गाती चमक आली, आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने ती जगभर पोचवली. हीच बेस पुढे मोडली, तुकडे जोडून पुन्हा उभी केली गेली, १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली, वीसेक वर्षांनी प्रकट झाली आणि २०१० मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट त्रुहियोच्या मदतीने पास्टोरियस कुटुंबाकडे परतली.

या तिघांत एक साम्य आहे. वाद्याची ‘योग्य’ स्थिती कारखान्याच्या कागदावरून त्यांपैकी कोणीच घेतली नाही. मात्र एकाने दुरुस्ती नाकारली, दुसऱ्याने ती मध्येच थांबवली, तिसऱ्याने ती घडणीपर्यंत नेली. तिघांनाही आपल्या वाद्याला काय झाले आहे हे कानाने नेमके कळत होते. हे कळणे नसते, तर त्यांची बंडखोरी ही निव्वळ हेळसांड ठरली असती.

६

वाकण्याचा प्रश्नच मिटवून टाकण्याचेही प्रयत्न झाले. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीनने अॅल्युमिनियमच्या दांडीच्या गिटारी काढल्या. दोनएक वर्षांत क्रेमर कंपनीनेही तोच मार्ग धरला. अॅल्युमिनियम वाकत नाही, पण ते थंडीत हाताला गार लागते आणि तापमानाबरोबर लांबीत बदलते. रंगमंचावरच्या दिव्यांखाली सूर सरकतो. क्रेमरने हाताला ऊब लागावी म्हणून दांडीच्या पाठीत पुन्हा लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. १९७७ च्या सुमारास, अवकाश-उद्योगात अभियंता असलेल्या जेफ गूल्डने अॅलेंबिक कंपनीच्या साहाय्याने ग्राफाइट तंतूंची दांडी आणली. त्यापाठोपाठ नेड स्टाइनबर्गरने शेंडाच नसलेली, जवळजवळ सगळीच अशा द्रव्याची बेस केली. या दांड्यांना हवा बाधत नव्हती आणि त्यांत सळईची गरज नव्हती. पण मग वादकाला जाड तारा बदलून पातळ लावायच्या असतील, किंवा मृदू हाताऐवजी जोरकस हाताने वाजवायचे असेल, तर बाक बदलायचा कसा? जी दांडी बिघडू शकत नाही ती जुळवून घेऊही शकत नाही. पुढे ग्राफाइटच्या काही दांड्यांतही ट्रस रॉड आला, याचे कारण हेच.

याच दशकात दुसरीकडे दुरुस्तीचे ज्ञान कागदावर उतरत होते. अर्व्हिंग स्लोन यांचे गिटार दुरुस्तीवरील पुस्तक १९७३ मध्ये आले, हिदेओ कामिमोतो यांचे १९७५ मध्ये. डॅन अर्लवाइन यांनी ‘गिटार प्लेअर’ मासिकातून वर्षानुवर्षे वादकांना हे काम समजावून दिले आणि त्यांचे दुरुस्ती-मार्गदर्शक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कारागिराच्या हातात आणि कानात असलेली विद्या येथे आकडे, आकृत्या आणि पायऱ्या यांत मांडली गेली. असे मांडताना काही गळते, हे खरे. पावशेर फेऱ्याला लाकूड कसे उत्तर देते, हे पुस्तक सांगू शकत नाही. पण जे उरते ते गावोगावच्या, कारागिरापासून दूर राहणाऱ्या वादकापर्यंत पोचते. शास्त्रग्रंथांच्या बाबतीत आपण हा सौदा फार पूर्वीपासून ओळखतो.

७

हा सारा इतिहास अमेरिकेचा. परंतु वाद्य तेथेच राहिले नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात बेस गिटारला पक्के स्थान मिळाले. राहुल देव बर्मन यांच्या वादकसंचात टोनी वाझ ती वाजवीत. कोरड्या हवेत वाळवलेले मेपल मुंबईच्या पावसाळ्यात आले, बाहेर ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रता आणि स्टुडिओत वातानुकूलन, की त्या दांडीला वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याच्या आरंभी आणि शेवटी, विचारपूस लागणारच. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यातून कोकणात जाणाऱ्या बेसचेही तेच.

आपल्या परंपरेला ही विचारपूस अपरिचित नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडत आली आहेत. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते, आणि ते हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो. कानसेने त्याला अतिशय मंद उतार दिलेला असतो, आणि तार त्या उतारावर घासत राहते म्हणून जवारीचा झंकार निघतो. तो उतार घडवणे हे कारागिराचे काम. पण मैफलीत बसल्यावर तारेखालचा सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवणे हे गायकाचे. सरळ नसलेला पृष्ठभाग हाच येथे स्वराचा आधार आहे, आणि त्या पृष्ठभागाची जबाबदारी दोघांत वाटलेली आहे. दोरा सरकवण्यासाठी कोणी मिरजेला जात नाही. कानस मात्र कोणी स्वतः चालवू नये.

ट्रस रॉडने बेस गिटारमध्ये नेमकी हीच वाटणी केली. साधा बाक आणि साधा उलटा बाक वादकाचा. पीळ बसलेली दांडी, बुडाशी आलेला उंचवटा, शेवटपर्यंत आवळूनही न हलणारी सळई, ही कारागिराची. मग तो दांडी तापवून शिकंज्यात धरील, फ्रेट काढून बोटपट्टी रंधील, किंवा दांडीच बदला म्हणून सांगेल. स्वतः दुरुस्ती करणे म्हणजे कारागिराला रजा देणे नव्हे. आपली हद्द कोठे संपते हे प्रत्यक्ष हात घातल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याने एकदा पाव फेरा फिरवून दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहिली आहे, त्याला कारागिराच्या मजुरीचा अर्थ इतरांहून चांगला कळतो.

‘दुरुस्त’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. त्याचा अर्थ योग्य, बरोबर, धडधाकट. ‘पूर्ववत’ असा अर्थ त्यात नाही, आणि ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाकलेल्या दांडीला कारखान्यातून निघाल्या दिवसाच्या स्थितीत परत नेता येत नाही. ती हवा, त्या तारा, तो हात आता नसतो. आज ज्या तारा चढल्या आहेत, आज जी हवा आहे आणि जो हात ती वाजवणार आहे, त्यांच्यासाठी तिला बरोबर करायचे असते. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. ऋतू पालटला की पुन्हा तार दाबून फट पाहावी लागते. जुन्या वस्तूंशी, आणि जुन्या ग्रंथांशीही, आपले नाते याहून फारसे निराळे नसावे.